पऱ्हाटी, कपाशी, कापूस: एका सेलमध्ये अनेक शब्द शोधायचे कसे

यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या कुठल्याही गावात दहा शेतकऱ्यांना पेरा विचारा आणि ते सांगतील तसं शब्दशः लिहून घ्या. एक कापूस म्हणेल, दुसरा कपाशी, घरातला म्हातारा पऱ्हाटी म्हणेल आणि कृषी केंद्राच्या काउंटरवर बसणारा पोरगा कॉटन. पीक एकच. पण ही यादी एक्सेलमध्ये गेली की एक्सेलच्या लेखी ती चार वेगळी पिकं होतात, आणि "कपाशीवाले शेतकरी किती?" या साध्या प्रश्नाला चार वेगळे आकडे येतात.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईल अॅपवर पिकाची नोंद, सुरू झाली. तिथं पीक यादीतून निवडायचं असतं, त्यामुळे हा घोळ होत नाही. पण गावपातळीवरचा बराचसा कारभार अजून व्हॉट्सअॅपवर आलेल्या याद्या, रजिस्टरचे फोटो आणि त्यावरून कोणीतरी रात्री बसून टाईप केलेल्या शीटवरच चालतो. नुकसानीची यादी, शेतकरी गटाची बियाण्याची मागणी, उत्पादक कंपनीचं सभासद रजिस्टर, सगळीकडे पिकाचा आणि शेऱ्याचा कॉलम एकच असतो आणि त्यात वाटेल ते लिहिलेलं असतं. "कापूस ३ एकर". "पऱ्हाटी + तुरीचे तास". "सोयाबीन, अतिवृष्टी, पंचनामा झाला". "कापसाचे बोंड सडले".

अशा कॉलममधल्या प्रत्येक सेलला एकच प्रश्न विचारायचा आहे: कापूस, कपाशी, पऱ्हाटी, कॉटन या चार शब्दांपैकी कोणताही एक तुझ्यात आहे का?

एक खुलासा आधीच करतो. फॉर्म्युल्यांची नावं, कॉलमची अक्षरं आणि आकडे इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. शीटमध्ये टाईप करताना ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाकायचे. अवतरणचिन्हांतले मराठी शब्द तेवढे मराठीत.

बहुतेक लोक आधी फिल्टरकडे जातात. कॉलमला फिल्टर लावला, 'कंटेन्स' निवडलं, कापूस टाकलं, 'ऑर' करून कपाशी टाकलं, आणि तिसऱ्या शब्दाला जागाच उरली नाही. एक्सेलच्या त्या खिडकीत दोनच अटी बसतात. अॅडव्हान्स्ड फिल्टरमध्ये जास्त बसतात: एका कोपऱ्यात कॉलमचं तेच शीर्षक लिहायचं आणि त्याखाली एकाखाली एक *कापूस*, *कपाशी*, *पऱ्हाटी*, *कॉटन* असं दोन्ही बाजूंना तारका लावून लिहायचं. एकाखाली एक म्हणजे 'किंवा'. तारका विसरलात तर त्या शब्दाने सुरू होणाऱ्याच ओळी मिळतात. एकदाच यादी काढून द्यायची असेल तर एवढं पुरतं. पण यादी रोज वाढत असेल, तर शेजारच्या कॉलममध्ये फॉर्म्युला टाकलेला बरा.

इथं दुसरा अडथळा येतो. =सी२="*कापूस*" असं लिहून काही होत नाही. बरोबरच्या चिन्हाला तारकेचा अर्थ कळत नाही. ते खरोखर तारका लिहिलेला सेल शोधत बसतं. आत दडलेला शब्द शोधायला सर्च हे फंक्शन लागतं. शब्द सापडला तर तो कितव्या अक्षरापासून सुरू होतो तो आकडा सर्च देतं, नाही सापडला तर #व्हॅल्यू! ही एरर देतं. आणि ही एररच पुढचं सगळं नासवते, कारण चार सर्च एका ऑरमध्ये कोंबले आणि त्यातल्या एकाने जरी एरर दिली तरी अख्ख्या ऑरचं उत्तर एररच येतं. म्हणून सर्चभोवती इजनंबर लावायचं. आकडा आला तर ट्रू, एरर आली तर फॉल्स.

आता शोधायचे चार शब्द फॉर्म्युल्यात न लिहिता बाजूला एच२ ते एच५ मध्ये लिहा. पिकाचा कॉलम सी आहे असं धरू. डी२ मध्ये:

=समप्रॉडक्ट(--इजनंबर(सर्च($एच$२:$एच$५,सी२)))>0

दिसायला अवघड आहे, पण आतून बाहेर वाचत गेलं की उलगडतं. सी२ मध्ये "पऱ्हाटी + तुरीचे तास" आहे. सर्चला एकाऐवजी चार शब्द दिले, म्हणून ते चार उत्तरं देतं: कापूस एरर, कपाशी एरर, पऱ्हाटी १, कॉटन एरर. इजनंबर त्याचं फॉल्स, फॉल्स, ट्रू, फॉल्स करतं. इजनंबरच्या आधीच्या दोन उणे चिन्हांचं काम एवढंच की ट्रूचा १ आणि फॉल्सचा ० करायचा. समप्रॉडक्ट बेरीज करतं: १. शून्यापेक्षा मोठं, म्हणून उत्तर ट्रू. एकाच सेलमध्ये कापूस आणि कपाशी दोन्ही आले तर बेरीज २ येते, तरी उत्तर ट्रूच.

बेरजेला साधं सम का नाही, असं विचारणारे भेटतात. जुन्या एक्सेलमध्ये सम वापरलं तर एंटरऐवजी कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबावं लागतं, आणि पुढचा माणूस तो सेल उघडून नुसतं एंटर दाबून सगळं मोडतो. समप्रॉडक्टला ती कटकट नाही; पंचायतीतल्या जुन्या मशीनवरही चालतं आणि गूगल शीट्समध्येही. मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा एक्सेल २०२१ असेल तर =ऑर(इजनंबर(सर्च($एच$२:$एच$५,सी२))) इतकंच लिहून भागतं. पण फाईल कोणाकोणाच्या मशीनवर उघडणार हे आपल्या हातात नसतं, म्हणून मी समप्रॉडक्टवरच राहतो.

डॉलरची चिन्हं शोभेची नाहीत. फॉर्म्युला खाली ओढला की सी२ चा सी३ व्हायला हवा, पण शब्दांची यादी जागची हलता कामा नये. डॉलर द्यायचे राहून गेले तर तिसऱ्या ओळीत यादी एच३ ते एच६ होते, आणि एच६ रिकामा आहे. रिकामा शब्द कुठल्याही मजकुरात 'सापडतो' असं सर्च मानतं आणि १ देतं. त्यामुळे पहिली ओळ बरोबर आणि त्याखाली सरसकट ट्रू, असं चित्र दिसतं. असं दिसलं की दुसरं काही तपासायच्या आधी डॉलर पाहा.

रिकाम्या सेलचा हाच फटका आणखी एका वाटेने बसतो. पुढं शब्द वाढतील म्हणून लोक यादी आधीच एच२० पर्यंत देऊन ठेवतात. विचार चांगला, निकाल तोच: सगळं गाव कपाशीवालं. मोकळी जागा ठेवायचीच असेल तर रिकामे सेल वगळायला सांगा:

=समप्रॉडक्ट(($एच$२:$एच$२०<>"")*इजनंबर(सर्च($एच$२:$एच$२०,सी२)))>0

गूगल शीट्सवाल्यांना एक आटोपशीर वाट आहे.

=रेजेक्समॅच(सी२&"",टेक्स्टजॉइन("|",ट्रू,$एच$२:$एच$२०))

टेक्स्टजॉइन सगळे शब्द उभ्या रेघेने जोडतं, आणि रेजेक्सच्या, म्हणजे मजकुरातला नमुना शोधायच्या खुणांच्या, भाषेत उभी रेघ म्हणजे 'किंवा'. मधला ट्रू रिकामे सेल गाळतो, म्हणून इथं वरची भानगड होत नाही. सी२ ला जोडलेलं &"" एवढ्यासाठी की कोणी पिकाच्या रकान्यात नुसतं क्षेत्र, म्हणजे आकडा, टाकला असेल तर रेजेक्समॅच अडून बसतं. मात्र शब्दांत टिंब, कंस, अधिकचं चिन्ह असेल तर त्याला रेजेक्समध्ये वेगळा अर्थ आहे; यादीत तशी चिन्हं नकोत.

फॉर्म्युला एवढाच. खरा वेळ जातो तो शब्दांची यादी करण्यात, आणि मराठीत ते काम इंग्रजीपेक्षा बरंच किचकट आहे. इंटरनेटवरची उदाहरणं इंग्रजी शब्दांवर बेतलेली असतात, म्हणून ही बाजू तिथं येत नाही.

"कापसाचे बोंड सडले" ही ओळ पाहा. वरचा फॉर्म्युला तिला फॉल्स देतो. माणसाला त्यात कापूस दिसतो, पण 'कापूस' ही अक्षरं त्यात नाहीत. विभक्ती लागली की कापूसचा कापसा होतो. तूरची तुरी होते, चन्याचं तेच. म्हणजे यादीत 'कापूस' बरोबर 'कापसा' ही ओळही हवी, 'तूर' बरोबर 'तुरी' हवी, आणि ऱ्हस्व उकारात 'तुर' लिहिणारे निम्मे असतात म्हणून तेही हवं. सोयाबीन आणि धान मात्र सरळ आहेत; सोयाबीनचे, धानाचे, सगळ्यांत मूळ शब्द तसाच राहतो. सोयाबिन असं ऱ्हस्व लिहिणाऱ्यांची सोय तेवढी करा.

मग वाटतं, शब्दाचा आखूड तुकडाच का देऊ नये? 'काप' दिलं की कापूस आणि कापसाचे दोन्ही येतील. येतात. सोबत 'कापणी झाली' लिहिलेले सगळे सोयाबीनवालेही येतात. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात 'संत्र' हा तुकडा मस्त चालतो. संत्रा, संत्री, संत्र्याचा बहार, सगळं त्यात बसतं आणि शेतीच्या यादीत दुसरं काही अडकत नाही. तुकडा चालेल की नाही हे ज्या त्या शब्दावर आहे.

आणि आता पंचनामा. खरिपाच्या नुकसानीच्या यादीत प्रत्येक पिकाचा एक कॉलम करायचा, म्हणून कोणी हरभऱ्यासाठी हरभरा, हरबरा आणि चना असे तीन शब्द देतो. शीट उघडून पोरगा वैतागतो: "दादा, हे काय होऊन राह्यलं? खरिपात चना कोण पेरते बाप्पा?" सेलवर क्लिक केलं की दिसतं, "सोयाबीन, अतिवृष्टी, पंचनामा झाला". पं-चना-मा. शब्दाच्या पोटात चना बसलेला. 'सूचना दिली' मध्येही आहे. भंडारा-गोंदियाकडे धान शोधायला जा, 'प्रधानमंत्री पीक विमा' लिहिलेली प्रत्येक ओळ धानाची होते. 'बियाणे लातूरहून आणले' मध्ये तूर निघते. शीटच्या दृष्टीने यात काहीच चूक नाही. तुम्ही अक्षरं विचारली, तिने अक्षरं दाखवली.

यावर पुस्तकी उपाय म्हणजे पूर्ण शब्दच जुळवायचा. शोधायच्या शब्दाच्या आणि सेलच्या दोन्ही टोकांना एकेक स्पेस जोडायची, म्हणजे " चना " हा सुटा शब्दच सापडेल. इंग्रजीत हे ठीक चालतं. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे 'सोयाबीनचे' सुटतं, आणि "चना,तूर" असं स्वल्पविराम चिकटवून लिहिलेलंही सुटतं. रेजेक्समध्ये शब्दाची कड ओळखणारी \बी अशी खूण असते (ही इंग्रजी लिपीतली लहान बी), पण गूगल शीट्सच्या रेजेक्सला ती इंग्रजी अक्षरांपुरतीच कळते. देवनागरीसाठी तिच्यावर विसंबू नका.

मला उलटी रीत सोयीची वाटते. फसवे शब्द थोडे आणि ठरलेले असतात. शोधायच्या आधी तेच सेलमधून पुसून टाकायचे:

=समप्रॉडक्ट(--इजनंबर(सर्च($जे$२:$जे$४,सब्स्टिट्यूट(सब्स्टिट्यूट(सी२,"पंचनामा",""),"सूचना",""))))>0

जे कॉलममध्ये हरभऱ्याचे तीन शब्द. मूळ सेलला धक्का लागत नाही. पुसणं फॉर्म्युल्याच्या आतल्या आत होतं. धानासाठी 'प्रधान' पुसा, तुरीसाठी 'लातूर'. "कपाशी मोडली, आता सोयाबीन" असल्या ओळींना मात्र कुठलाच फॉर्म्युला पुरा पडत नाही. त्या माणसानेच वाचायच्या.

डोळ्यांना न दिसणारी एक अडचण पऱ्हाटीतच आहे. त्यातला ऱ्ह दोन तऱ्हेने टाईप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर येऊन त्याला हलंत लागतो. दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि मध्ये झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह येतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत अक्षरांची साखळी वेगळी असते, आणि एक लिहून शोधलं की दुसरं सुटू शकतं. संशय आला तर लेन फंक्शनने दोन्ही सेल मोजा. पहिल्या तऱ्हेच्या पऱ्हाटीची लांबी ७ येते, दुसरीची ८. उपाय सोपा: यादीतला शब्द स्वतः टाईप न करता शीटमधूनच कॉपी करून आणा, आणि दोन्ही रूपं यादीत ठेवा.

कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या फाईलींची गत याहून वाईट. तिथं पडद्यावर मराठी दिसतं, पण सेलमध्ये खरी अक्षरं इंग्रजीच असतात; फॉन्ट बदलून पाहा, उघडं पडेल. अशा शीटमध्ये युनिकोड 'कापूस' जन्मात सापडणार नाही. आधी कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या. ते शक्य नसेल तर शब्द कृतिदेवमध्येच यादीत टाका आणि सर्चच्या जागी फाइंड वापरा. सर्चला इंग्रजी अक्षर लहान की मोठं याने फरक पडत नाही, फाइंडला पडतो, आणि कृतिदेवमध्ये लहान-मोठ्या अक्षरांवरच वेगवेगळी मराठी अक्षरं बसवलेली असतात.

ट्रू-फॉल्सवर काम भागत नसेल आणि थेट पिकाचं प्रमाण नाव हवं असेल, तर यादीच्या शेजारी आय कॉलममध्ये प्रत्येक शब्दासमोर ते नाव लिहा: पऱ्हाटी समोर कापूस, कॉटन समोर कापूस, तुरी समोर तूर, चना समोर हरभरा. मग डी२ मध्ये, ट्रू-फॉल्सच्या फॉर्म्युल्याच्या जागी:

=लुकअप(२,१/सर्च($एच$२:$एच$१५,सी२),$आय$२:$आय$१५)

युक्ती अशी: एकाला सर्चच्या उत्तराने भागलं की १ किंवा त्याहून लहान आकडा येतो, नाहीतर एरर. लुकअप २ शोधतं, तो कधीच मिळत नाही, म्हणून ते एरर ओलांडत शेवटच्या आकड्यावर थांबतं आणि त्यासमोरचं नाव देतं. इथं यादीत रिकामा सेल नको, नाहीतर तोच शेवटचा ठरतो. गूगल शीट्समध्ये हे अॅरेफॉर्म्युलाच्या कंसात घालावं लागतं. काहीच न सापडल्यास एरर दिसते. बाहेरून इफएरर लावून तिथं "तपासा" असा शब्द आणा.

लक्षात घ्या, लुकअप एकच नाव देतं, आणि यादीत खाली असलेल्या शब्दाचं देतं. आपल्याकडे सोयाबीनमध्ये तूर, कपाशीत तूर हे नेहमीचं आहे. "सोयाबीन + तूर" या ओळीला तूर मिळालं तर सोयाबीनचा आकडा कमी भरतो. आंतरपीक असलेल्या यादीत एका नावाच्या कॉलमपेक्षा प्रत्येक पिकाचा वेगळा ट्रू-फॉल्स कॉलम कधीही चांगला. बेरीज गावच्या शेतकऱ्यांपेक्षा जास्त भरेल, ती भरायलाच हवी.

सगळं झालं की "तपासा" वर फिल्टर लावून उरलेल्या ओळी वाचा. त्यांत टायपिंगच्या चुका निघतात, पडीत निघतं, आणि हमखास निघतं "वरीलप्रमाणे". रजिस्टरवरून उतरवलेल्या यादीत हा शब्द असतोच. तो शब्दांच्या यादीत टाकून उपयोग नाही, कारण त्याचा अर्थ वरच्या ओळीत आहे. त्यासाठी फॉर्म्युल्याच्या सुरुवातीला एक इफ जोडा. डी५ मध्ये =इफ(ट्रिम(सी५)="वरीलप्रमाणे",डी४, आणि पुढं तोच लुकअप, शेवटी कंस. हे सॉर्ट लावायच्या आधी करायचं. गावाप्रमाणे सॉर्ट झाल्यावर वरची ओळ दुसऱ्याच कोणाची असते आणि एकाचा पेरा दुसऱ्याच्या नावावर चढतो. म्हणून डी कॉलम पूर्ण भरला की तो निवडून कॉपी करा, तिथंच 'पेस्ट व्हॅल्यूज' करा, आणि मगच सॉर्टला हात लावा.